वाचकांचे प्रश्न : आडवी झालेली मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणण्यापूर्वी

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यालगत मानपाडा येथे राहतो आणि रोज कळवा-विटाव्यामार्गे ऐरोलीला कामावर जातो. माझी १५० सीसीची मोटरसायकल तीन वर्षांची आहे. गेल्या पंधरवड्यात पाऊस पडून गेल्यावर सर्व्हिस रोडवर वळण घेताना चिखलात पुढचे चाक घसरले आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरहून अधिक नव्हता. गुडघ्याला खरचटण्यापलीकडे मला काही झाले नाही. गाडीच्या मागच्या ब्रेकचे पेडल आत दाबले गेले, पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकला, आरसा फुटला आणि सायलेन्सर घासला. जवळच्या गॅरेजमध्ये पेडल सरळ करून दिले आणि बाकी काही झालेले नाही असे सांगितले. लिव्हरही ठोकून सरळ करून देतो, असे ते म्हणाले. मात्र गाडी सरळ चालत असताना हँडल किंचित उजवीकडे वळलेले दिसते. याकडे दुर्लक्ष केले तर चालेल का? आणि अशा किरकोळ पडण्यानंतर नेमके काय काय तपासावे?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : नाही, याकडे दुर्लक्ष करू नये. आरसा आणि सायलेन्सर यांचे नुकसान डोळ्यांना खुपते, पण त्यामुळे तुम्ही पुन्हा पडणार नाही. चाक एका दिशेला आणि हँडल दुसऱ्या दिशेला, याचा अर्थ मात्र गाडीच्या पुढच्या भागात काहीतरी सरकले आहे किंवा वाकले आहे. ते काय आहे हे कळेपर्यंत गाडी वापरू नये, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरची लोकल आहे. चार दिवस तिने जावे.

वेग कमी होता म्हणजे नुकसानही कमी झाले असणार, असे आपण सहज धरून चालतो. घासण्याच्या बाबतीत ते खरे आहे, कारण वेग जितका अधिक तितकी गाडी रस्त्यावरून लांबवर घासत जाते. परंतु आपटण्याच्या बाबतीत तसे नाही. दीडशे किलोच्या आसपास वजनाची गाडी उभी असताना पडली काय किंवा दहाच्या वेगात पडली काय, ती तेवढ्याच उंचीवरून खाली येते आणि ते सारे वजन हँडलचे टोक, लिव्हरचे टोक, फूटरेस्ट किंवा पेडल आणि सायलेन्सर अशा तीन-चार जागांवरच पडते. हँडलचे टोक हा तर एक लांब दांडा आहे. त्याला बसलेला हिसका आत पुढच्या शॉकअपपर्यंत पोहोचतो आणि बाहेरून त्याची खूण दिसतेच असे नाही.

तुमच्या हँडलच्या बाबतीत दोन शक्यता अधिक आहेत. एक, हँडलचा पाईप स्वतः वाकला असेल किंवा त्याच्या खालचे रबरी बुश दबले असतील. दुसरी, शॉकअपचे दोन्ही पाईप ज्या वरच्या आणि खालच्या टीमध्ये, म्हणजे हँडलखालच्या दोन आडव्या पट्ट्यांमध्ये, आवळलेले असतात तिथे ते किंचित फिरले असतील, म्हणजे मेकॅनिक ज्याला 'टी आऊट झाली' म्हणतात ते. यांतले काय झाले आहे हे घरीही पाहता येते. गाडी मुख्य स्टँडवर उभी करून पुढचे चाक मागच्या चाकाच्या बरोबर रेषेत आणावे. डोळ्यांवर विसंबू नये. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोन दोऱ्या जमिनीपासून वीतभर उंचीवर पुढपर्यंत ताणाव्यात. पुढचा टायर बहुधा मागच्याहून अरुंद असतो, तेव्हा दोन्ही दोऱ्यांपासून त्याचे अंतर सारखे आले की चाक सरळ झाले असे समजावे. मग गाडीवर न बसता मागे उभे राहून वरच्या टीकडे पाहावे. टी टाकीशी काटकोनात आहे आणि फक्त हँडल तिरके आहे, तर दोष हँडलचा. टी हीच तिरकी दिसत असेल, तर शॉकअप फिरले आहेत.

शॉकअप नुसते फिरलेले असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पुढचा अॅक्सल, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करून चाक सरळ आणायचे, पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सर्व भाग आपापल्या जागी बसू द्यायचे आणि मग कंपनीने ठरवून दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने, बोल्ट पुन्हा आवळायचे, एवढेच ते काम आहे. चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडलला हिसका देत ते 'सरळ' करण्याची रीत सर्रास दिसते. बोल्ट सैल न करता ती वापरली तर गाडी दिसायला सरळ होते, पण पाईप आणि टी यांच्यातला पीळ तसाच राहतो. पाईप वाकला असल्याची शंका असेल, तर तो बाहेर काढून जाड सपाट काचेवर लोळवावा. सरळ पाईप काचेला सारखा टेकून जातो आणि वाकलेल्या पाईपखाली प्रत्येक फेऱ्याला उजेडाची एक फट उघडते आणि मिटते. तशी फट दिसली तर प्रेसखाली दाबून सरळ करण्यापेक्षा पाईप बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाकून सरळ केलेला पाईप खड्ड्यात पुन्हा त्याच जागी वाकतो, आणि त्याच्यावरच्या क्रोमला गेलेला बारीक तडा ऑईल सील फाडत राहतो. घोडबंदर रस्त्याने रोज जाणाऱ्याला खड्डे टाळता येण्यासारखे नाहीत.

एक जागा मात्र गॅरेजमध्येही क्वचितच पाहिली जाते, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हँडल पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळवले की ते एका ठिकाणी 'टक्' करून थांबते. ते थांबवणारा भाग म्हणजे खालच्या टीवर किंवा चासीच्या पुढच्या गळ्यावर असलेला बोटाच्या पेराएवढा धातूचा उंचवटा. गाडी पडताना हँडल जोराने एका बाजूला फेकले जाते आणि तो सारा मार या उंचवट्यावर येतो. मोबाईलचा टॉर्च लावून खाली बसून पाहावे : त्याच्यावरचा रंग उडाला आहे का, तो चेपला आहे का, त्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसते का. नंतर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, त्याचे टोक आणि टाकी यांच्यात दोन्हीकडे सारखीच जागा उरते का ते पाहावे. एका बाजूला अंगठा टाकी आणि हँडलमध्ये चिमटत असेल, तर तो उंचवटा गेला असे समजावे. चिंचोळ्या जागेत गाडी वळवताना नेमका तिथेच हात अडकतो.

आता रेसविषयी. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याला एका कारखान्याच्या फाटकापाशी बारीक खडीवर माझी गाडी अशीच उजवीकडे पडली होती. टाकीवरचा ओरखडा मी पुष्कळ वेळ न्याहाळला आणि गाडी सुरू करून निघालो. हँडलच्या टोकाला बसवलेले धातूचे वजन थोडेसे आत दाबले गेले होते आणि रेसच्या रबरी ग्रिपला घासत होते, हे मला तेव्हा कळले नाही. पहिल्या सिग्नलला मी रेस सोडली, पण ती मागे आली नाही. समोर माणसे रस्ता ओलांडत होती. क्लच दाबून, किल स्विच बंद करून गाडी थांबवता आली, परंतु त्या दोन-तीन सेकंदांची आठवण आजही अंगावर येते. म्हणून उजवीकडे पडलेल्या गाडीची रेस इंजिन बंद असताना पूर्ण उघडून सोडून पाहावी. ती हाताची मदत न घेता, एका झटक्यात मिटली पाहिजे. हीच चाचणी हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे ठेवून तीन वेळा करावी. त्यानंतर इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. इंजिनचा आवाज वाढला, तर रेसची वायर कुठेतरी ताणली किंवा अडकली आहे. ग्रिप आणि टोकाचे वजन यांच्यात एखादा मिलिमीटर तरी मोकळी जागा असावीच.

लिव्हर ठोकून सरळ करण्यास कृपया नकार द्यावा. तो ओतीव अॅल्युमिनियमचा असतो. एकदा वाकलेला असा धातू पुन्हा उलट वाकवला की आतून फुटू लागतो, आणि तो तुटतो तो नेमका तुम्ही ब्रेक जोराने दाबाल त्या वेळी. नवा लिव्हर ही काही महाग वस्तू नाही. तो बसवताना मेकॅनिकला सांगावे की, लिव्हरची क्लॅम्प एवढीच आवळावी की चालवताना ती हलणार नाही, पण तळव्याने जोराने ढकलल्यास हँडलभोवती फिरेल. अशी ठेवलेली क्लॅम्प पुढच्या वेळी लिव्हरला वाकण्याऐवजी फिरून जाऊ देते.

त्याच क्लॅम्पवर ब्रेक ऑईलची डबी असते. तिच्या झाकणाच्या कडेला आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडांवर ओल दिसते का ते पाहावे. हे तेल रंग खाते, म्हणून ते टाकीवर सांडले असल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. मग लिव्हर जोराने दाबून अर्धा मिनिट तसाच धरावा. तो हळूहळू ग्रिपकडे सरकत गेला किंवा स्पंजासारखा लागला, तर ब्रेक दुरुस्त करून घेतल्याशिवाय गाडी हलवू नये.

मागच्या ब्रेकचे पेडल तुम्हाला सरळ करून मिळाले आहे, पण ते आपल्या मूळ उंचीवर परत येते का, हे तुम्ही स्वतः पाहिलेले बरे. पेडल अगदी थोडे जरी दबलेले राहिले, तरी ब्रेक सतत लागलेला राहतो. मागचा लाल दिवा पेडल न दाबता पेटलेला राहत असेल, तर ती त्याचीच खूण. मुख्य स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवावे, ते सहज फिरले पाहिजे. आणि एक-दोन किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवल्यावर दोन्ही चाकांच्या डिस्कजवळ किंवा ड्रमजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकाच चाकाकडून धग येत असेल, तर तो ब्रेक अडकतो आहे. लेग गार्ड असेल, तर तो आत वाकून पेडलला कुठे टेकत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

चाके फिरवून रिम बाहेर जाते का हे पाहणे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. तुमच्या गाडीला मात्र एबीएस, म्हणजे ब्रेक जोराने दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असणार, कारण १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे आहे. डिस्कशेजारी खाचा असलेले एक कडे असते आणि त्याच्या अगदी जवळ एक छोटा सेन्सर. तिथे चिखल आणि खडे भरले असल्यास ते ब्रशने काढावेत आणि सेन्सरची वायर तुटली नाही ना ते बघावे. चावी फिरवल्यावर पेटलेला एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला, तर ब्रेक लागतील, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होण्यापासून ते तुम्हाला वाचवणार नाहीत, आणि तुम्ही तर चिखलावरूनच घसरला होता.

एवढे सारे झाल्यावर रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या आतल्या रस्त्यावर गाडी तीसच्या वेगाने चालवून पाहावी. हात सोडून बघण्याचा मोह टाळावा. हँडलवरची पकड अगदी हलकी ठेवली तरी गाडी एका बाजूला ओढते का ते कळते. हँडल मधल्या जागी आल्यावर खाच लागल्यासारखे अडकत असेल, तर टीच्या बॉल रेसरला, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरते त्याला, मार बसला आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांची २०१३ सालची १०० सीसीची मोटरसायकल रात्री कुणाच्या तरी धक्क्याने डावीकडे पडली आणि सकाळपर्यंत तशीच होती. सकाळी पेट्रोलचा वास येत होता. गाडी बऱ्याच किक मारल्यावर सुरू झाली आणि पाच-सात मिनिटे पांढरट निळा धूर आला. गिअरही कठीण पडतो आहे. इंजिन खराब झाले असेल का? वडील रोज सकाळी हीच गाडी घेऊन भाजी आणायला जातात, म्हणून काळजी वाटते.
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : धूर पाच-सात मिनिटांत थांबला असेल, तर इंजिनाविषयी काळजी करू नये. गाडी रात्रभर आडवी राहिली की इंजिनातले ऑईल खालच्या भागातून वर सिलिंडरकडे आणि हवेच्या फिल्टरकडे झिरपते. ते जळून गेले की धूर थांबतो. एअर फिल्टरचे झाकण उघडून फिल्टर ऑईलने भिजला आहे का ते पाहावे आणि भिजला असल्यास बदलावा किंवा साफ करावा. सपाट जागी, मुख्य स्टँडवर गाडी काही वेळ उभी ठेवून मग ऑईलची पातळी तपासावी. ती कमी भरली, तर ऑईल कुठेतरी बाहेर गेले आहे.

यापुढे गाडी अशी पडलेली सापडली, तर ती लगेच सुरू करण्याची घाई करू नये. तुमची गाडी कार्बोरेटरची आहे, म्हणून आधी पेट्रोलचा कॉक बंद करावा, गाडी उभी करून दहा मिनिटे थांबावे, सांडलेले पेट्रोल पुसून वास जाऊ द्यावा आणि मगच किक मारावी. पहिली किक हळू दाबावी. ती मध्येच दगडासारखी अडली तर जोर लावू नये, प्लग काढून सिलिंडरमध्ये साचलेले पेट्रोल किंवा ऑईल बाहेर येऊ द्यावे. (१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतांशी फ्युएल इंजेक्शनच्या आहेत आणि त्यांपैकी अनेकींमध्ये गाडी आडवी झाल्याचे ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. अशी गाडी उभी केल्यावर सुरू होत नसेल, तर चावी पूर्ण बंद करून काही सेकंदांनी पुन्हा फिरवावी. एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते.)

गिअरचा प्रश्न मला धुराहून महत्त्वाचा वाटतो. डावीकडे पडलेल्या गाडीचा गिअर लिव्हर इंजिनच्या कव्हरकडे ढकलला जातो. तो कव्हरला टेकत असेल, तर गिअर पूर्ण पडत नाही आणि चालताना न्यूट्रलमध्ये सटकू शकतो. लिव्हर गाडीवर असतानाच पाईप घालून बाहेर ओढू देऊ नये. तो ज्या दांड्यावर बसतो तो दांडा त्या ओढण्याने वाकतो, त्याचे ऑईल सील जाते आणि किरकोळ कामाचे इंजिन उघडण्याचे काम होते. लिव्हर बोल्ट काढून बाहेर घ्यावा, टेबलावर सरळ करावा किंवा नवा बसवावा. नंतर गाडीखाली रात्रभर एक जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर ऑईलचा ठिपका दिसला, तर तो नेमका कोणत्या भागाखाली आहे हे पाहून मेकॅनिकला दाखवावे. क्लचचा लिव्हर वाकल्यामुळेही गिअर कठीण पडतो. त्याच्या टोकाला साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर मोकळी चाल असली पाहिजे.

जुन्या पद्धतीची, पाणी घालण्याची बॅटरी असेल, तर आडवे झाल्यावर तिच्यातले आम्ल बाहेर येते. बॅटरीच्या बाजूचे कव्हर उघडून पाहावे. आम्ल सांडले असल्यास उघड्या हाताने पुसू नये. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ती जागा धुवावी.

प्रश्न : गाडी हळू वेगात पडली तर विम्याचा दावा करावा का? माझी गाडी तीन वर्षांची असून विमा पाच वर्षांचा आहे.
– एक वाचक, खारघर

उत्तर : आधी विम्याचा कागद उघडून पाहावा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो, तो फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो आणि पुढे दरवर्षी वेगळा घ्यावा लागतो. तुम्ही तो घेतला नसेल, तर दाव्याचा प्रश्नच उरत नाही. अनेकांना हे गाडी पडल्यावरच कळते.

तो घेतलेला असेल, तर हिशेब करावा. तीन वर्षे दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी त्या भागाच्या हप्त्यात ३५ टक्के सूट मिळते, पुढे ती ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत जाते; एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढते. समजा मूळ हप्ता १,००० रुपये आहे, तर पुढच्या पाच वर्षांत तुमची एकूण १,०५० रुपयांची सूट जाते. शिवाय प्रत्येक दाव्यातले पहिले १०० रुपये तुम्ही भरायचे असतात आणि झिरो डेप्रिसिएशनची (भाग जुने झाल्याबद्दल वजावट न करण्याची) जोड घेतली नसेल, तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. तेव्हा आरसा, लिव्हर आणि इंडिकेटर एवढेच बदलायचे असेल तर दावा करू नये. शॉकअपचा पाईप, अलॉय व्हील किंवा चासी यांना मार बसला असेल तर अवश्य करावा, आणि तो दुरुस्तीच्या आधी कळवावा. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहीपर्यंत कोणताही भाग सरळ करू देऊ नये, आणि बदललेले जुने भाग त्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत गॅरेजमध्येच ठेवण्यास सांगावे.